बाळाच्या फाईलवर आईची गोळी लिहिली जाते का? (फिटची औषधं, गरोदरपण आणि पुढची दहा वर्षं)

शेवंती (नाशिक)

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. परवा शाळेतून आल्या आल्या सांगायला लागला, "आई, ते विहिरीवर असतं ना, गोल फिरतं, दोरी असते त्याला..." मी गप्प राहिले. शब्द आपण पुरवायचा नाही, असं आमच्या स्पीच थेरपिस्टनं बजावलंय. अर्ध्या मिनिटानं तो ओरडला, "रहाट!" आणि मग पुढची गोष्ट धडाधड सांगून टाकली. शब्द त्याला माहीत असतो, फक्त बोलायच्या वेळी सापडत नाही.

मला १५व्या वर्षापासून फिट येतात. जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. सकाळी उठलं की हाताला झटके, कधी कप उडायचा, कधी कंगवा. जागरण झालं की मोठी फिट. व्हॅल्प्रोएट सुरू झालं आणि दोन महिन्यांत झटके थांबले. त्या गोळीच्या आधारावर मी बी.कॉम. झाले, नोकरीला लागले, लग्न केलं. २०१४ साली मुलगा झाला तेव्हाही तीच गोळी चालू होती, दिवसाला १००० मिलिग्रॅम.

दिवस गेल्यावर मी तेव्हाच्या डॉक्टरांना विचारलं होतं. (नाव लिहीत नाही, कोणी विचारूही नका.) ते म्हणाले, "गोळी अजिबात बंद करायची नाही." हे बरोबरच होतं. पण पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पाठीचा कणा नीट, हृदय नीट, ओठ-टाळू नीट असं आलं आणि सगळे म्हणाले, सुटलो! मीही तेच समजले. गोळीचा परिणाम सोनोग्राफीत न दिसणाऱ्या गोष्टींवर होऊ शकतो, हे मला कोणी सांगितलं नाही.

अडीच वर्षांचा झाला तरी मोजून दहा-बारा शब्द. "मुलगे उशिराच बोलतात." "याचे बाबाही साडेतीन वर्षांचे होईपर्यंत मुके होते." हे ऐकत ऐकत आम्ही पाच वर्षांपर्यंत आलो. शेवटी बालविकासतज्ज्ञांकडे गेलो, तर त्या बाईंचा पहिलाच प्रश्न: "गरोदरपणात कोणतं औषध चालू होतं?"

बाळ घरी आल्यानंतरच्या पाच वर्षांत हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या. आणि आता जे लिहितेय ते लिहायला मला फार वर्षं लागली. बाळ जन्मलं त्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांच्या फाईलवर एक रकाना होता, 'मातेचे आजार व औषधे'. नर्सनं विचारलं तेव्हा सासूबाई शेजारी बसल्या होत्या. माझा आजार नवऱ्याला लग्नाआधीपासून माहीत होता, सासरी बाकी कोणालाच नव्हता. मी म्हणाले, "काही नाही." तिनं रकान्यात आडवी रेघ मारली. ती रेघ पाच वर्षं तशीच राहिली.

इथे फिटची औषधं घेऊन आई झालेल्या बऱ्याच जणी असतील. कोणती गोळी होती, मूल आता केवढं आहे, काही वेगळं जाणवलं का आणि कधी, हे लिहाल का? ज्यांची मुलं अगदी ठणठणीत आहेत त्यांनी तर नक्की लिहा.

एक विनंती, हात जोडून. हे वाचून कोणीही आपली गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

सातारची आजी

शेवंती, वाचलं आणि गलबलून आलं. आमच्या वेळी आकडी येणाऱ्या मुलीला कांदा हुंगवायचे, चप्पल नाकाशी धरायचे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडलं ते याच कारणानं. तू सासूबाईंना कधी सांगितलंस?

शेवंती (नाशिक)

मुलगा पाच वर्षांचा असताना, त्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं एकटीच गोळ्या लपवत होतीस?" आता रात्रीच्या गोळीची आठवण त्याच करतात.

खडू फळा (पुणे)

शेवंतीताई, मी विशेष शिक्षिका आहे, २२ वर्षं झाली. मुलांची माहिती भरून घेताना आईचा रक्तदाब, मधुमेह, प्रसूती कशी झाली, बाळ लगेच रडलं का, हे सगळं विचारतो. रोजच्या औषधांचा प्रश्न आमच्या फॉर्मवर आहे, पण बहुतेक ठिकाणी उत्तर 'लोह, कॅल्शियम' एवढंच येतं. तुमच्या पोस्टमुळे लक्षात आलं की मी तो प्रश्न बहुधा सगळ्या कुटुंबासमोरच विचारत आले आहे. यापुढे आईला एकटीला विचारीन.

औदुंबर

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करतो. शेवंतीताईंनी ज्याला हात घातला आहे त्यात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न शारीरिक व्यंगाचा. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली, किट आणलं, डॉक्टरांकडे गेलो, तोवर ती वेळ निघून गेलेली असते. व्हॅल्प्रोएट आणि कण्यातील व्यंग यांचा संबंध फ्रान्समधल्या लिऑनच्या डॉक्टरांना १९८२ साली दिसला. 'यूरॅप' नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत ४२ देशांतल्या, फिटचं एकच औषध चालू असलेल्या ७,३५५ गर्भारपणांचा हिशोब २०१८ साली प्रसिद्ध झाला. मोठं व्यंग व्हॅल्प्रोएटवर १०.३ टक्के, कार्बामाझेपिनवर ५.५, लॅमोट्रिजिनवर २.९, लेव्हेटिरासिटॅमवर २.८ टक्के बाळांमध्ये होतं. शेवटच्या दोन औषधांचे आकडे सर्वसाधारण आयांच्या बाळांच्या जवळपास जातात. व्हॅल्प्रोएटमध्ये मात्रेनं मोठा फरक पडतो. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत ६.३ टक्के, १४५०च्या वर गेलं की २५ टक्क्यांच्या आसपास.

दुसरा प्रश्न मेंदूच्या विकासाचा, आणि तो सोनोग्राफीत कधीच दिसत नाही. मेंदू नऊही महिने घडत असतो. त्यामुळे 'तीन महिने झाले, धोका टळला' ही समजूत या औषधाबाबत खरी नाही. यावर सगळ्यात नीट झालेलं काम म्हणजे 'नीड' हा अमेरिका आणि ब्रिटनमधला अभ्यास. १९९९ ते २००४ या काळात २५ केंद्रांमध्ये, एकच औषध घेणाऱ्या गरोदर बायकांची नोंद झाली आणि नंतर त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. सहाव्या वर्षी सरासरी बुद्ध्यांक असा निघाला: लॅमोट्रिजिन १०८, फेनिटॉइन १०८, कार्बामाझेपिन १०५, व्हॅल्प्रोएट ९७. सगळ्यात जास्त मार बसतो तो भाषेला आणि शब्दांच्या स्मरणाला. शेवंतीताई, तुमच्या मुलाचा 'रहाट' वाचताना मला तेच आठवत होतं.

डेन्मार्कनं तर देशातल्या सगळ्या जन्मांची नोंद तपासली. १९९६ ते २००६ मधली साडेसहा लाख मुलं. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) छत्रीखालच्या निदानांचं प्रमाण सगळ्या मुलांत १.५ टक्के, व्हॅल्प्रोएटच्या संपर्कातल्या मुलांत ४.४ टक्के. पुढे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, हेही पाहिलं. तिथे ३.२ विरुद्ध ८.४ टक्के.

आता हाच आकडा उलटा वाचा. ४.४ टक्क्यांना निदान झालं, म्हणजे ९५हून अधिक टक्क्यांना झालं नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ साली विकासाच्या लहानमोठ्या सगळ्या अडचणी धरून ३० ते ४० टक्के असं म्हटलं होतं. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांत तसं काही दिसत नाही. घाबरून जाण्यासाठी हे आकडे सांगत नाही. मूल होण्याआधी बोलणं व्हावं आणि झाल्यावर लक्ष ठेवलं जावं, म्हणून सांगतो.

निंबोणी

डॉक्टर, मग ही गोळी मुलींना देतातच का?

औदुंबर

कारण काही प्रकारच्या अपस्मारात ती इतर कुठल्याही औषधापेक्षा चांगली चालते. शेवंतीताईंना आहे तो प्रकार त्यातलाच. मोठी फिट आली तर आई पडते, गुदमरते, झोपेत मृत्यूही येऊ शकतो. त्या काही मिनिटांत बाळालाही प्राणवायू कमी पडतो. म्हणून आधी दुसरं औषध चालतं का ते पाहायचं, आणि ते दिवस राहायच्या आधी पाहायचं. दुसऱ्या कशानंच फिट थांबत नसतील तर व्हॅल्प्रोएटची कमीत कमी मात्रा, तीही रुग्णाला सगळं समजावून. हे बोलणं मुलगी कॉलेजात असताना सुरू व्हायला हवं. आपल्याकडे ते लग्नाची पत्रिका हातात पडल्यावर होतं, आणि कित्येकदा तेव्हाही होत नाही. माझ्याही ओपीडीत झालेलं नाही असे दिवस आहेत, ८० रुग्ण बाहेर बसलेले असतात. हे कारण पुरेसं नाही, मला मान्य आहे.

टेम्सकाठ

मी फार्मासिस्ट आहे, मूळची सांगलीची, गेली १४ वर्षं इंग्लंडमध्ये. इथे काय करतात ते सांगते, आपल्याकडे त्यातलं थोडं जरी आलं तरी फरक पडेल.

२०१८ पासून इथे नियम आहे की ज्या मुलीला किंवा बाईला दिवस जाऊ शकतात तिला व्हॅल्प्रोएट द्यायचं असेल तर गर्भनिरोधनाची पक्की सोय असली पाहिजे, आणि दरवर्षी तज्ज्ञानं तिच्यासमोर बसून जोखमीचा फॉर्म भरून दोघांनी सही केली पाहिजे. खोक्यावर इशारा असतो, आत माहितीचं कार्ड असतं. जानेवारी २०२४ पासून तर ५५ वर्षांखालच्या कोणालाही, बाई असो वा पुरुष, ते नव्यानं सुरू करायला दोन तज्ज्ञांची संमती लागते. ऑक्टोबर २०२३ पासून आम्हाला हे औषध कंपनीच्या मूळ खोक्यातच द्यावं लागतं, सुट्या गोळ्या काढून साध्या डबीत भरून द्यायच्या नाहीत. का, तर इशारा खोक्यावर आहे.

मागच्या वर्षी गावी आले तेव्हा आईसाठी औषधं आणायला दुकानात उभी होते. पुढची मुलगी वीस-बावीसची. दुकानदारानं कात्रीनं पट्टी कापली, व्हॅल्प्रोएटच्या दहा गोळ्या कागदी पाकिटात घातल्या, वर पेननं 'सकाळ-रात्र' लिहिलं. औषधाचं नावसुद्धा कापलेल्या भागात अर्धं गेलं होतं. त्या पोरीपर्यंत कुठला इशारा पोचणार?

आणि हे नियम इथल्या सरकारला आपसूक सुचले नाहीत. आयांनी लढून मिळवलेत. फ्रान्समध्ये मारीन मार्तँ नावाच्या, स्वतः अपस्मार असलेल्या बाईनं २०११ साली अशा कुटुंबांची संघटना काढली, तेव्हा कुठे सरकारी चौकशी झाली आणि २०१६च्या अखेरीस भरपाई निधीचा कायदा झाला. तिथल्या सरकारी अभ्यासाचा अंदाज असा की या औषधामुळे १६,६०० ते ३०,४०० मुलांना विकासाच्या अडचणी आल्या असाव्यात. औषध १९६७ पासून बाजारात होतं. ब्रिटनमध्ये २०२० च्या सरकारी अहवालात कुटुंबांचं म्हणणं ऐकलं गेलं नाही, हे स्वच्छ शब्दांत लिहिलंय.

सागरवेळ (रत्नागिरी)

एक प्रश्न. माझी स्वतःची ही गोळी चालू आहे. मी पुरुष. आम्ही यंदा मुलाचा विचार करतोय. बापाच्या गोळीचंही काही असतं का?

औदुंबर

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर अजून पक्कं झालेलं नाही. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कच्या नोंदींवरून एका अभ्यासात असं दिसलं की गर्भधारणेच्या आधीच्या तीन महिन्यांत वडील व्हॅल्प्रोएटवर असतील तर मुलांमधल्या विकासाच्या अडचणी थोड्या जास्त असतील. त्यावरून युरोपच्या नियामकांनी जानेवारी २०२४ मध्ये सावधगिरीचा सल्ला दिला. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. आईच्या बाबतीत जेवढी जोखीम आहे तेवढी इथे नाही, हे मात्र दोन्हीकडे दिसतं. तुमच्या डॉक्टरांना भेटा, पर्यायाबद्दल विचारा. गोळी आपणहून सोडू नका, विशेषतः गाडी चालवत असाल तर.

निंबोणी

मी जरा वेगळं विचारते. मला फिट नाहीत. पण मला गरोदरपणात नैराश्याची गोळी होती, शिवाय तापात क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, घेतली होती. मुलगी चार वर्षांची आहे, छान बोलते. तरी गेल्या वर्षी अमेरिकेतून पॅरासिटामॉल आणि ऑटिझमची बातमी आली तेव्हापासून मी रात्र रात्र वाचत बसते. व्हॅल्प्रोएटचं खरं मानायचं आणि क्रोसिनचं नाही, असं का? हा फरक कसा करायचा?

औदुंबर

निंबोणीताई, हा प्रश्न फार मोलाचा आहे.

गोळी घेणारी आई आणि न घेणारी आई यांच्यात फक्त गोळीचा फरक नसतो. जिला नैराश्य आहे तिच्या घराण्यातली जनुकं, झोप, ताण, जेवण, सगळंच वेगळं असू शकतं. जिला ताप आहे तिला ताप आहे. मुलात पुढे काही दिसलं तर ते गोळीचं, आजाराचं की घराण्याचं? हे सोडवायची एक चांगली युक्ती म्हणजे सख्खी भावंडं. आई तीच, घर तेच, एका वेळी गोळी होती, दुसऱ्या वेळी नव्हती. स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांवर पॅरासिटामॉलचा असा अभ्यास झाला, २०२४ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या मुलांची तुलना केली तेव्हा किंचित फरक दिसत होता. भावंडांची तुलना केल्यावर तो नाहीसा झाला. नैराश्याच्या गोळ्यांवर २०१७ साली स्वीडनमधूनच असा भावंडांचा अभ्यास आला, आणि त्यातही ऑटिझमचा संबंध टिकला नाही.

व्हॅल्प्रोएटचं उलट आहे. 'नीड'मध्ये सगळ्याच आया अपस्माराच्या होत्या, फरक फक्त औषधाचा. आईचा बुद्ध्यांक, वय, फिटचा प्रकार हे सगळं हिशोबात घेतलं तरी फरक राहिला. मात्रा वाढली तसा तो वाढत गेला. शिवाय हे औषध पेशीतली जनुकं उघडझाप करणाऱ्या यंत्रणेवर, हिस्टोन डीअसेटिलेज नावाच्या विकरावर (एन्झाइमवर), परिणाम करतं हे प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणजे कारणही हाताशी आहे.

तुमची मुलगी छान बोलते आहे. रात्री झोपा. नैराश्यावर उपचार न होणं हेही आईला आणि बाळाला महागात पडतं.

निंबोणी

🙏 हे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.

रानपाखरू (अमरावती)

मी आजवर इथे फक्त वाचत आले. पहिल्यांदाच लिहिते आहे. वय २७, लग्नाला सात महिने. व्हॅल्प्रोएट, ६०० मिलिग्रॅम. सासरी कोणालाच माहीत नाही, नवऱ्यालाही नाही. आईनं शपथ घातली आहे. गोळ्या शिवणाच्या डब्यात ठेवते. सासूबाई रोज विचारतात, "काही गोड बातमी?" हा धागा परवा रात्री वाचला आणि काल सकाळी मी गोळी घेतली नाही.

शेवंती (नाशिक)

रानपाखरू, आत्ता, हे वाचताक्षणी, चुकलेल्या गोळीचं काय करायचं ते तुझ्या डॉक्टरांना फोन करून विचार. पुढची गोळी ठरल्या वेळेला घे. मी तुला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, रात्री कितीही वाजता बोलू शकतेस.

औदुंबर

शेवंतीताईंशी पूर्ण सहमत. अचानक थांबवल्यानं एकामागून एक फिट येत राहण्याची भीती असते. दिवस राहिलेले नाहीत, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, आणि ही खरोखर सगळ्यात चांगली अवस्था आहे. बदल करता येतो, पण नवी गोळी वाढवत, जुनी हळूहळू उतरवत, काही आठवडे ते काही महिने लागतात. तोवर गर्भनिरोधन. आणि फॉलिक ॲसिड आत्तापासून, दिवस राहायची वाट न बघता, मात्रा डॉक्टर सांगतील ती. 'नीड'मध्ये ज्या आया गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक ॲसिड घेत होत्या त्यांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक १०८ होता, न घेणाऱ्यांच्या मुलांचा १०१.

सातारची आजी

पोरी, नवऱ्याला सांग. माझ्या बहिणीच्या वेळी कायदाच आपल्या विरुद्ध होता, फिट म्हणजे लग्न रद्द करायला कारण मानत. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून ते काढून टाकलंय. आता नुसती फिट येते एवढं कारण त्या कायद्यात राहिलेलं नाही. आणि एकटीनं सांगायची भीती वाटत असेल तर दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, डॉक्टरांनाच सांगू दे.

कार्तिकस्नान

माझा अनुभव, शेवंतीताईंनी मागितला होता म्हणून. लॅमोट्रिजिन. दोन मुली, ९ आणि ६. दोघींचं बोलणं, चालणं, शाळा, सगळं वेळच्या वेळी. पण गरोदरपणात या गोळीची रक्तातली पातळी खूप घसरते, हे पहिल्या वेळी आम्हाला उशिरा कळलं. सहाव्या महिन्यात स्वयंपाकघरात फिट आली, डाव्या हाताला भाजलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दर महिन्याला पातळी तपासली, मात्रा वाढवत नेली आणि बाळंतपणानंतर लगेच टप्प्याटप्प्यानं उतरवली. एकही फिट नाही. दोघींनाही अंगावर पाजलं. पहिलीच्या वेळी जाऊबाई म्हणाल्या होत्या, औषधाचं दूध नको पाजू. आमच्या डॉक्टरांनी पाजायला सांगितलं होतं, मी पाजलं.

औदुंबर

योग्यच केलंत. 'नीड'मधल्या अंगावर पिणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक सहाव्या वर्षी उलट थोडा जास्तच भरला होता. बाळ फार सुस्त वाटतंय का, नीट पितंय का, वजन वाढतंय का, एवढं पाहत राहायचं.

खडू फळा (पुणे)

शेवंतीताई, आता मुलाचं शाळेचं कसं चाललंय ते लिहाल? कारण इथे वाचणाऱ्यांत पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या आया असणार आणि त्यांना पुढचं हवं असेल.

शेवंती (नाशिक)

लिहिते. पाचव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा चित्रं जुळवणं, ठोकळे, कोडी, हे त्याच्या वयाच्या मुलांसारखंच होतं. शब्दांचा भाग खूप मागे. एकत्रित आकडा ८४ आला. मी तो आकडा वहीत लिहिला आणि रोज उघडून बघायचे. मग त्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडून वही मागून घेतली आणि आकड्याखाली एक यादी लिहून दिली: एका वेळी एकच सूचना. बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर खाली बसायचं. उत्तराला मनात दहा अंक मोजेपर्यंत वेळ द्यायचा. शब्द पुरवायचा नाही, शब्दाची 'जागा' सांगायची, म्हणजे ते कुठे असतं, कशाला लागतं. हे शेवटचं आमच्या घरात सगळे करतात. त्याचे आजोबा तर आता शेजाऱ्यांशीही तसंच बोलतात.

आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी, तीन वर्षं. दुसरीत असताना बाईंनी 'सांगितलेलं ऐकत नाही' म्हणून वहीत शेरा लिहिला. "दप्तर उघड, भाषेचं पुस्तक काढ, पान ३२ उघड, वरचा उतारा वाच" या चार सूचनांमधलं त्याच्यापर्यंत 'दप्तर उघड' पोचायचं. मी शाळेत जाऊन सांगितलं, या वेळी आजाराचं आणि गोळीचं नाव घेऊन. त्यानंतर बाई फळ्यावर चार चित्रं काढायला लागल्या, दप्तर, पुस्तक, आकडा, डोळा. वर्गातल्या आणखी सहा-सात मुलांचं काम त्यानं सोपं झालं, असं त्या स्वतः म्हणाल्या.

पाढे येतात. निबंध येत नाही. नकाशे तोंडपाठ, गोदावरीला कुठून कोणती नदी मिळते ते बोट ठेवून दाखवतो, नाव मात्र पाच मिनिटांनी आठवतं.

मुलगी २०१९ची. तिच्या वेळी दीड वर्ष आधी गोळी बदलली, लेव्हेटिरासिटॅम. बदलताना दोन वेळा झटके आले, एकदा बाथरूममध्ये पडले. ती दीड वर्षाची असताना वाक्यं बोलायची. माझ्या दोन मुलांवरून कोणी नियम काढू नका, दोन भावंडं एरवीही वेगळीच असतात. पण मला माझ्या मनातलं लपवता येत नाही. ती पहिल्यांदा "आई, पाऊस आला, कपडे काढ" म्हणाली तेव्हा मी गच्चीवर जाऊन रडले. त्याच्यासाठी.

खडू फळा (पुणे)

ताई, काय लिहू.

कामाचं लिहिते. ८४ सारख्या आकड्याची मुलं आपल्या व्यवस्थेत दोन पाट्यांच्या मधे पडतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, बौद्धिक अक्षमताही आहे. पण पहिल्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक सर्वसाधारण असावा लागतो आणि दुसऱ्यासाठी तो बराच खाली असावा लागतो. म्हणून नुसत्या एकत्रित आकड्यावर समाधान मानू नका. भाषेचा आणि भाषेतर भाग वेगवेगळा लिहून मागा. तफावत एवढी असेल तर चौथी-पाचवीत पुन्हा सविस्तर चाचणी करून घ्यायला हवी. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात, पण कागद नववीत गोळा करायला निघालं तर धावपळ होते.

लहान बाळांसाठी: 'दासी' नावाची विकासचाचणी आहे, जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतची, आपल्या देशातल्या मुलांवरून बसवलेली. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात केलेलं काम आहे ते. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही चालते, तिथेही आयांच्या बाळांना हीच चाचणी लावली. एकाहून जास्त औषधं चालू असलेल्या आयांच्या बाळांचे गुण कमी आले होते, हे त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी दाखवलंय. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र विचारा. २०१३ पासूनच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ते येतं. अंगणवाडीतूनही पाठवता येतं.

आणि पुण्यात 'संवेदना फाउंडेशन' हा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट आहे. रानपाखरू, तुमच्यासाठी लिहिते आहे.

सागरवेळ (रत्नागिरी)

आमच्या डॉक्टरांशी बोललो. मला बदलून देऊन पाहणार आहेत, सहा महिने थांबायला सांगितलंय. बायकोनं विचारलं, "मग तुमची गोळीपण माझ्या फाईलवर लिहायची का?" डॉक्टर म्हणाले, लिहा.

टेम्सकाठ

लिहायचंच. आणि नुसतं 'फिटची गोळी' असं नाही. औषधाचं मूळ नाव, मात्रा, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. ब्रँडची नावं बदलतात, दहा वर्षांनी कोणाला कळत नाहीत. कापलेल्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, नाव दिसेल असा.

रानपाखरू (अमरावती)

दोन महिन्यांनी लिहिते आहे. नवऱ्याला सांगितलं. तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी स्वतः नागपूरची अपॉइंटमेंट घेऊन आला. तिथल्या मॅडमनी दोघांना पाऊण तास दिला. आता लेव्हेटिरासिटॅम वाढवतायत, जुनी ६०० वरून ४०० वर आली आहे. पाच आठवडे झाले. चिडचिड खूप होते, मॅडम म्हणाल्या या गोळीनं होऊ शकते, सांगत राहा. गेल्या मंगळवारी पहाटे हाताला एक झटका आला, फिट नाही आली. मॅडमना कळवलं. फॉलिक ॲसिड चालू आहे. मुलाचं सध्या थांबवलंय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या रोज विचारतात, आता तोच म्हणतो, "आई, आम्ही सांगू तेव्हा सांगू."

गोळ्या शिवणाच्या डब्यातून काढून फ्रिजवर ठेवल्यात, टोपलीत.

शेवंती (नाशिक)

झटक्याची तारीख आणि वेळ लिहून ठेव. आदल्या रात्री किती वाजता झोपली होतीस तेही. माझे बहुतेक झटके जागरणाच्या दुसऱ्या दिवशीचे निघाले होते. पुढची भेट कधी आहे?

रानपाखरू (अमरावती)

१८ तारखेला. त्या रात्री नणंदेची हळद होती. दीडला झोपले.

शेवंती (नाशिक)

हे मॅडमना सांग. १९ला मी विचारीन.